कार्यालयातील इंटरनेट फोन : आवाज तुटतो कुठे, सुधारावा कसा?

‘हॅलो, तुमचा आवाज तुटतोय’ हे वाक्य ज्याला ऐकावे लागते, त्याला स्वतःला समोरच्याचा आवाज बहुधा स्वच्छ ऐकू येत असतो. दोष आपल्या बाजूला आहे, हे त्यामुळे त्याला पटत नाही. पलीकडचे नेटवर्क खराब असावे, असे म्हणून तो फोन ठेवतो आणि पुन्हा लावतो. इंटरनेटवर चालणारे फोन बसवलेल्या अनेक कार्यालयांत हा प्रसंग ऐन कामाच्या वेळी, सकाळी अकरानंतर, हमखास घडतो. तक्रारी वाढल्या की सेवा पुरवठादार अधिक वेगाची योजना सुचवतो. मासिक बिल वाढते आणि पंधरा दिवसांनी तेच वाक्य पुन्हा कानी पडते. वेग दुप्पट झाला तरी आवाज का सुधारत नाही, हे एकदा उमगले, की फोनमधील आणि राऊटरमधील कोणते सेटिंग महत्त्वाचे आणि कोणते केवळ शोभेचे, याचा उलगडा आपोआप होतो. बोलण्याला वेग फार थोडा लागतो. मात्र त्याला रांगेत ताटकळत उभे राहणे मुळीच सोसत नाही.

पत्र आणि पाकीट

टेलिफोनवरील आवाज अंकांत मांडण्याची जी पद्धत आजही सर्वत्र रूढ आहे, ती १९७२ सालची आहे. जी.७११ हे तिचे आंतरराष्ट्रीय नाव. तिच्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट होतात. इंटरनेट फोन हा प्रवाह सलग सोडीत नाही. २० मिलिसेकंदांचे बोलणे जमले, की त्याचे एक पॅकेट करून तो रवाना करतो. अशी ५० पॅकेट्स दर सेकंदाला निघतात. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट असतात आणि पत्ता, अनुक्रमांक, वेळ असा मजकूर लिहिण्यासाठी त्यावर आणखी ४० बाइट चढतात. कार्यालयातील केबलवर लागणारे १८ बाइट धरले, तर एका संभाषणाला एका दिशेने सुमारे ८७ किलोबिट पुरतात. दहा जण एकाच वेळी बोलत असले, तरी ही गरज ९०० किलोबिटांच्या आत राहते. शंभर मेगाबिटांची जोडणी घेतलेल्या कार्यालयात आवाज तुटण्याचे कारण वेगाची टंचाई असणे, म्हणूनच दुर्मीळ.

ई-मेलचे एखादे पॅकेट वाटेत हरवले, तर ते पुन्हा मागवता येते. पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा आले म्हणून कोणाचे बिघडत नाही. बोलण्यातील हरवलेले पॅकेट पुन्हा मागवून उपयोग नसतो, कारण ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. उशिरा आलेले पॅकेट आणि न आलेले पॅकेट फोनच्या लेखी सारखेच.

बिघाडाचे तीन प्रकार त्यातून संभवतात. पॅकेट पोचण्यास लागणारा उशीर, हा पहिला. ती कधी लवकर, कधी उशिरा येणे, म्हणजेच तंत्रज्ञांच्या भाषेतील ‘जिटर’, हा दुसरा. आणि पॅकेट गहाळ होणे, हा तिसरा. तोंडापासून कानापर्यंतचा एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर बहुतेकांना तो जाणवत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. ४०० मिलिसेकंदांपलीकडे जाणारे नियोजन करूच नये, असेही तीत म्हटले आहे. जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत आणि गळती एक टक्क्याच्या आत असावी, हा व्यवहारातील आडाखा.

दीडशे मिलिसेकंद ऐकायला पुष्कळ वाटतात. पण पॅकेट भरण्यातच त्यांपैकी २० खर्ची पडतात, आणि पलीकडच्या फोनमध्ये पॅकेट्स सांभाळून ठेवण्यात ४० ते ६०. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तेव्हा समुद्राखालची केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती, तरी ६२ मिलिसेकंद वाटेतच गेले असते. प्रत्यक्षात ती वळसे घेत जाते. अमेरिकेतील ग्राहकांशी बोलणाऱ्या कार्यालयाजवळ घरच्या रांगेत उधळायला वेळ जवळजवळ उरतच नाही. पुणे-नागपूर संभाषणाला मात्र बरीच मोकळीक असते.

आधी निदान, मग उपचार

फोनच्या सेटिंग्जना हात लावण्यापूर्वी तक्रार नेमकी काय आहे, हे लिहून काढावे. समोरच्याला आपला आवाज तुटक येत असेल, तर दोष बहुधा आपल्या अपलोडच्या वाटेवर असतो. आपल्याला त्याचा आवाज तुटक येत असेल, तर डाउनलोडची वाट, आतील स्विच किंवा वाय-फाय तपासावे. बाहेरचे फोन ठीक आणि शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याशी बोलताना मात्र खरखर, असे असेल तर इंटरनेट कंपनीला दूरध्वनी करण्यात अर्थ नाही. केबल किंवा स्विच घरातलाच दोषी. एकाच बाजूला आवाज अजिबात न येणे हा तर दर्जाचा प्रश्नच नव्हे. तेथे राऊटरमधील ‘सिप एएलजी’ नावाची सोय पत्त्यांची अदलाबदल करून गोंधळ घालत असते. मदत करण्याच्या हेतूने ती बनवली गेली, पण व्यवहारात ती बंद ठेवणेच श्रेयस्कर ठरते.

प्रतिध्वनीचा न्याय सर्वांत उलटा आहे. आपलेच शब्द आपल्याला पुन्हा ऐकू येत असतील, तर दोष सामान्यतः समोरच्या टोकाला असतो. तिकडच्या स्पीकरमधून निघालेला आपला आवाज तिकडच्या मायक्रोफोनमध्ये शिरून परत येत असतो, किंवा तिकडे जुन्या दोन तारांच्या लाइनशी जोडणी करणारे यंत्र तो परत लोटत असते. आपला फोन बदलून त्याला उतार पडत नाही.

मोजमापासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. बहुतेक टेबल फोनचा नेटवर्क पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाइप केला, की त्याचे सेटिंग्जचे पान उघडते आणि चालू संभाषणातील गळती व जिटर यांचे आकडे तेथे किंवा फोनच्याच पडद्यावर दिसतात. (हे पान पहिल्यांदा उघडताना कारखान्याचा मूळ पासवर्ड तसाच असल्याचे आढळले, तर आवाजाचा विषय पाच मिनिटे बाजूला ठेवून आधी तो बदलावा. उघड्या एक्स्चेंजमधून परदेशी कॉल करून मोठी बिले चढवणारे भामटे याच दाराने आत येतात.) हे आकडे आपल्याकडे येणाऱ्या आवाजाचे असतात. जाणाऱ्या आवाजाची अवस्था पलीकडच्या फोनवर किंवा एक्स्चेंजवर पाहावी लागते.

त्याहून सोपी परीक्षा म्हणजे पिंग. फोन ज्या एक्स्चेंजला जोडलेले आहेत, त्याच्या पत्त्यावर एका संगणकावरून सलग पिंग चालू ठेवावे आणि दुसऱ्या संगणकावरून एखादी मोठी फाइल इंटरनेटवर चढवावी. अपलोड सुरू होताच १५-२० मिलिसेकंदांचा आकडा उसळून तीनशे-चारशेवर गेला, तर रोग सापडला. ही परीक्षा संध्याकाळी सात वाजता रिकाम्या कार्यालयात करण्यात हशील नाही. अकरा वाजता, सगळे कामात असताना करावी. सखोल तपासणी हवी असेल, त्यांनी वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. जुन्या मंडळींना ते २००६ पर्यंतच्या ईथरिअल या नावाने आठवत असेल. संभाषणातील प्रत्येक पॅकेट कधी आले आणि कोणते हरवले, याचा त्यात तक्ता निघतो.

कोडेकची निवड

आवाज अंकांत बसवणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. फोनच्या पानावर त्यांची यादी असते आणि तिच्यातील क्रमाला महत्त्व असते, कारण दोन्ही टोके वरून खाली पाहत जाऊन पहिल्या सामाईक नावावर एकमत करतात. जी.७११ चे ए-लॉ आणि म्यू-लॉ असे दोन भेद आहेत. भारत आणि युरोप ए-लॉ वापरतात, अमेरिका आणि जपान म्यू-लॉ. अमेरिकी बाजारपेठेसाठी बनलेल्या फोनमध्ये म्यू-लॉ वर असतो. त्याने आवाज बंद पडत नाही, पण वाटेत कोणाला तरी रूपांतर करावे लागते. भारतातल्या भारतात बोलणाऱ्या कार्यालयाने ए-लॉ वर घ्यावा.

जी.७२९ हा काटकसरी कोडेक. तो तेच बोलणे ६४ ऐवजी ८ किलोबिटांत बसवतो, परंतु बचत तितकी होत नाही. त्याच्या पॅकेटमध्ये आवाजाचे २० बाइट आणि पत्त्याचे ४०. पत्रापेक्षा पाकीटच जड. केबलवर मोजले, तर ८७ ऐवजी ३१ किलोबिट लागतात. पाचशे किलोबिटांच्या अपलोडवर कार्यालये चालत होती, त्या काळात हा फरक जीवनमरणाचा होता. २०१७ च्या आरंभापासून त्याला स्वामित्वशुल्कही लागत नाही. तरीही ज्या कार्यालयाचे अपलोड दहा-वीस मेगाबिटांचे आहे, त्याने जी.७२९ ला पहिली पसंती देण्याचे कारण उरलेले नाही. श्रोत्यांच्या पसंतीवरून पाचपैकी गुण देण्याच्या रूढ पद्धतीत जी.७११ ला सुमारे ४.१ आणि जी.७२९ ला ३.९ गुण दिले जातात. पण ते निर्दोष मार्गावर. एकदा जी.७२९, मग मोबाइलचा कोडेक आणि पुन्हा जी.७२९ अशी रूपांतरे झाली, की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

मराठी बोलणाऱ्यांना एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जुन्या टेलिफोनचा ध्वनिपट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच. ‘स’ या वर्णाची सळसळ बहुतांशी त्याच्या वर असते, म्हणून फोनवर ‘साठ’ सांगितले, की पलीकडे ‘आठ’ लिहिले जाण्याचा धोका राहतो. ऑर्डर, रक्कम, औषधाची मात्रा फोनवर सांगणाऱ्या कार्यालयात हा धोका किरकोळ नव्हे. १९८८ साली आलेला जी.७२२ हा कोडेक जी.७११ इतक्याच ६४ किलोबिटांत ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेतो. २०१२ साली प्रमाणित झालेला ओपस तर ६ ते ५१० किलोबिटांपर्यंत परिस्थितीनुसार स्वतःला जुळवून घेतो आणि थोडी गळती पचवतो. शाखांमधील आपसातील संभाषणांसाठी ओपस किंवा जी.७२२ वर ठेवावा, त्याखाली जी.७११ ए-लॉ आणि तळाशी जी.७२९. सार्वजनिक टेलिफोनवर बोलताना मात्र बहुतेक वेळा जी.७११ वरच उतरावे लागते. डब्यावर ‘एचडी व्हॉइस’ छापलेले असूनही बाहेरचे कॉल पूर्वीसारखेच का वाटतात, याचे हे कारण.

पॅकेटची लांबी हे त्याच पानावरचे दुसरे सेटिंग. ते २० मिलिसेकंदांवरच राहू द्यावे. चाळीस केले, तर पाकिटांचा खर्च निम्मा होतो, पण एक पॅकेट हरवले की दुप्पट लांबीचा शब्द गळतो.

गच्चीवरची टाकी

जिटर बफर ही कल्पना शहरातील माणसाला समजावून सांगावी लागू नये. नगरपालिकेचे पाणी कधी जोरात येते, कधी करंगळीएवढे, कधी तासभर येतच नाही. गच्चीवरच्या टाकीमुळे घरातला नळ तरीही एकसारखा वाहतो. फोनही आलेली पॅकेट्स क्षणभर साठवतो आणि ठरल्या ठेक्याने कानात सोडतो. फरक इतकाच, की येथे टाकी मोठी केली की पाणी शिळे होते. बफर २०० मिलिसेकंदांवर बांधून ठेवला, तर आवाज तुटणार नाही, पण दोघे एकमेकांचे वाक्य तोडू लागतील. ‘हं, बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ असा सभ्य गोंधळ ज्या फोनवर सारखा चालतो, तेथे बफर किंवा एकूण उशीर फुगलेला आहे, असे समजावे.

या सेटिंगचे स्थिर आणि अनुकूली असे दोन प्रकार असतात. अनुकूली निवडावा, आरंभीची मर्यादा ३० ते ४० मिलिसेकंद आणि कमाल १५० च्या आसपास ठेवावी. केवळ कार्यालयातल्या कार्यालयात चालणाऱ्या फोनना २० ते ३० पुरे. बफर हे लक्षणावरचे औषध आहे. पिंगची परीक्षा तीनशेचा आकडा दाखवत असेल, तर बफरशी खेळत न बसता राऊटरकडे वळावे.

अग्रहक्क कागदावरचा आणि खरा

प्रत्येक पॅकेटच्या पाकिटावर त्याचे महत्त्व लिहिण्यासाठी एक छोटा खण असतो. त्याला डीएससीपी म्हणतात आणि त्यात ० ते ६३ यांपैकी आकडा लिहिता येतो. आवाजासाठी ४६ हा आकडा ठरलेला आहे. कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांना बहुतेक ठिकाणी २४ किंवा २६ देतात. फोनच्या पानावर ‘क्यूओएस’ या शीर्षकाखाली ही चौकट सापडते आणि येथेच एक नेहमीची चूक होते. काही फोन डीएससीपी मागतात, तर काही जुन्या पद्धतीचा टीओएस आकडा मागतात. टीओएसचा खण दोन बिटांनी रुंद असल्याने ४६ चा तिथला अवतार १८४ होतो. टीओएसच्या चौकटीत ४६ लिहिले, तर पॅकेटवर ११ हा कोणीही न ओळखणारा आकडा उमटतो आणि फोनवर अग्रहक्क ‘चालू’ दिसत असूनही प्रत्यक्षात काहीच होत नाही. चौकटीवरचे नाव नीट वाचणे, एवढाच यावर उपाय.

आकडा बरोबर लिहिला म्हणून रस्ता मोकळा होतो, असेही नाही. रुग्णवाहिकेवर दिवा फिरत असला, तरी पुढच्या गाड्या बाजूला झाल्या पाहिजेत. कार्यालयातील स्विचला फोनच्या खुणेवर विश्वास ठेवण्याची आज्ञा द्यावी लागते. अनेक स्विच मुळात ती खूण पुसून टाकतात. फोनसाठी वेगळे आभासी जाळे, म्हणजे व्हॉइस व्हीलॅन, काढले तर हे काम सुटसुटीत होते. संगणक फोनच्या मागच्या जोडणीतून नेलेला असला, तरी फोनची पॅकेट्स वेगळ्या क्रमांकाच्या जाळ्यातून आणि संगणकाची वेगळ्या जाळ्यातून जातात. स्विच आणि फोन दोघांनाही एलएलडीपी-मेड ही सोय येत असेल, तर व्हीलॅनचा क्रमांक फोन स्वतःच विचारून घेतो. ती नसेल, तर प्रत्येक फोनवर हाताने लिहावा लागतो आणि वीसपैकी एखाद्यावर तो हमखास चुकतो.

कार्यालयाच्या दाराबाहेर मात्र या खुणेला सामान्य इंटरनेटवर किंमत नसते. सेवा पुरवठादाराशी तसा स्वतंत्र करार असल्याखेरीज तो ४६ कडे पाहत नाही. कार्यालयाच्या हाती उरते ती एकच जागा, आपल्या राऊटरमधून बाहेर पडणारी अपलोडची रांग. बहुतेक आजार तेथेच जडतो.

दोन मेगाबिटांच्या अपलोडवर १,५०० बाइटांचे एक भरलेले पॅकेट बाहेर पडायला ६ मिलिसेकंद घेते. कोणी ई-मेलला जोडून आराखड्याची फाइल पाठवली आणि अशी शंभर पॅकेट्स मोडेमच्या दाराशी जमली, की त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या आवाजाच्या पॅकेटला ६०० मिलिसेकंद वाट पाहावी लागते. पाचशे बारा किलोबिटांच्या जुन्या जोडणीवर तर एकेक पॅकेटच २३ मिलिसेकंद घेई. उपकरणे बनवणाऱ्यांनी पॅकेट गळू नये, या सद्हेतूने मोडेममध्ये भरपूर साठवण ठेवली आणि तीच बोलण्याच्या मुळावर आली. डाउनलोड शंभर मेगाबिटांचे असले, तरी अनेक जोडण्यांत अपलोड त्याच्या काही अंशाएवढेच असते; योजना वाढवूनही ते फारसे वाढत नाही. आणि ते खाणारे कोण, तर सीसीटीव्हीचे चित्रण दूरच्या सर्व्हरवर चढवणारे यंत्र, संगणकांचा ऑनलाइन बॅकअप आणि मोबाइलमधील छायाचित्रे कार्यालयाच्या वाय-फायवर आल्या आल्या पाठवणारे अॅप. सकाळी अकराचे गूढ बरेचदा बॅकअपच्या वेळापत्रकात लपलेले असते. तो रात्री दोनला ढकलला, की एक रुपयाही न खर्चता निम्म्या तक्रारी मिटल्याची उदाहरणे तंत्रज्ञ देतात.

पक्का उपाय असा. अपलोडचा प्रत्यक्ष वेग वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा मोजावा आणि राऊटरच्या अपलोड मर्यादेच्या चौकटीत त्याच्या ८५ ते ९० टक्केच लिहावे. वीस मेगाबिट मिळत असतील, तर सतरा-अठरा. घेतलेला वेग स्वतःहून कमी करणे विचित्र वाटते, पण त्यामुळे रांग पुरवठादाराच्या मोडेममध्ये न लागता आपल्या राऊटरमध्ये लागते आणि आपल्या रांगेत कोणाला पुढे घ्यायचे, हे आपल्या हाती येते. मग ४६ ची खूण असलेली पॅकेट्स सर्वप्रथम सोडण्याचा नियम लावावा. हा राखीव वाटा एकूण अपलोडच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावा, असा संकेत आहे. सर्वांनाच अतिमहत्त्वाची व्यक्ती ठरवले, की रांग पूर्ववत होते. संचालकांच्या व्हिडिओ बैठका याच वर्गात घालण्याचा आग्रह अनेक कार्यालयांत होतो. त्याला नम्रपणे नकार द्यावा.

नव्या राऊटरमध्ये ‘स्मार्ट क्यू’ किंवा तत्सम नावाने एफक्यू-कोडेल अथवा केक ही पद्धत मिळते. कोडेल हे नाव कोडेकसारखे वाटले, तरी दोहोंचा संबंध नाही. ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने सोडते आणि साचलेली रांग कापत राहते. छोट्या कार्यालयाने व्हीलॅन, खुणा वगैरेंच्या भानगडीत न पडता अपलोड मर्यादा आणि ही एक खूणगाठ चालू केली, तरी पिंगचा तीनशेचा आकडा तीस-चाळीसवर येतो. फोनच्या पानावरील इतर सर्व सेटिंग्ज मिळूनही एवढा फरक पाडीत नाहीत.

उरलेली सेटिंग्ज

‘सायलेन्स सप्रेशन’ अथवा ‘व्हीएडी’ ही सोय माणूस गप्प असताना पॅकेट्स पाठवणे थांबवते. बचत होते, परंतु बोलणे सुरू झाल्याचे फोनला कळेपर्यंत पहिला हलका वर्ण गिळला जातो. ‘साठ’चा ‘आठ’ होण्याचा हा दुसरा मार्ग. शिवाय पंखा, वातानुकूलन यंत्र, रस्त्यावरचे भोंगे यांच्या गोंगाटात शांतता कशाला म्हणायचे, याचाच फोनला निर्णय करता येत नाही. ती बंद ठेवावी. मायक्रोफोनची पातळी वाढवण्याचा मोहही आवरावा. पातळी चढवली, की समोरच्याला प्रतिध्वनी आणि फाटलेला आवाज मिळतो. आवाज लहान येतो अशी तक्रार एकाच टेबलावरून येत असेल, तर आधी हेडसेट बदलून पाहावा. ‘इको कॅन्सलर’ मात्र नेहमी चालू असावा.

बँकेच्या किंवा गॅस कंपनीच्या यंत्रावर ‘एक दाबा, दोन दाबा’ केल्यावर आकडा पोचत नसेल, तर तो आवाजातूनच पाठवला जात आहे, असे समजावे. जी.७२९ सारखा कोडेक त्या सुरांची मोडतोड करतो. सेटिंग ‘आरएफसी २८३३’ किंवा त्याची जागा घेणाऱ्या ‘४७३३’ वर ठेवावे. फॅक्स अजून जपून ठेवणाऱ्या कार्यालयांनी त्यासाठी टी.३८ चालू करावे, नाही तर निदान त्या लाइनीवर जी.७११ सक्तीचा करावा.

वाय-फायवर चालणाऱ्या फोनना कितीही सेटिंग्ज केली, तरी केबलची सर येत नाही. वीज गेली, की इंटरनेट फोन मुका होतो, याचाही विसर पडू नये. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा मिळे, तसा याला नसतो. स्विच, राऊटर आणि मोडेम तिन्ही यूपीएसवर हवेत. आपत्कालीन क्रमांक या जोडणीवरून लागतो का, हे सेवा घेतानाच विचारून ठेवावे.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित मुभा मिळाली. मात्र इंटरनेटवरून आलेला कॉल देशातील सार्वजनिक टेलिफोनवर उतरवण्यास मनाई होती आणि कार्यालयांना दोन्ही यंत्रणा वेगळ्या ठेवाव्या लागत. २०१८ साली परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून क्रमांकासह सेवा देण्याची वाट मोकळी झाली, तर २०२० आणि २०२१ साली कॉल सेंटरांवरील नियम पुष्कळ सैल झाले. क्रमांक मात्र परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावेत. स्वस्त दरात परदेशी कॉल स्थानिक सिमकार्डांवर उतरवून देणारे मध्यस्थ बेकायदा एक्स्चेंजच्या गुन्ह्यात सापडतात, आणि त्यांच्या वाटेने येणारा आवाजही बहुधा भिकार असतो.

बदल करताना एका वेळी एकच करावा आणि वहीत तारखेसह लिहावा. पाच सेटिंग्ज एकदम फिरवली आणि आवाज सुधारला, तर कशाने ते कळत नाही. बिघडला तर परतीची वाट सापडत नाही. आधी बॅकअपची वेळ, मग राऊटरची मर्यादा, मग खुणा व स्विच, त्यानंतर कोडेकचा क्रम आणि अगदी शेवटी बफर, हा क्रम सोयीचा पडतो. प्रत्येक टप्प्यावर पिंगची परीक्षा आणि बाहेरच्या एका ठरलेल्या माणसाशी दोन मिनिटे बोलणे, एवढे पुरते. त्याला आकडे वाचून दाखवावेत आणि त्याने लिहिलेले परत वाचायला सांगावे. ‘आवाज बरा आहे’ या अभिप्रायापेक्षा ‘साठ’चे ‘साठ’ झाले का, हे अधिक विश्वसनीय.

पुरवठादाराने मोडेम बदलून दिला किंवा राऊटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले, की सिप एएलजी पुन्हा चालू झालेली आढळते. त्या दिवशी ती तपासावी. योजना बदलली, तर अपलोडच्या मर्यादेचा आकडाही बदलावा लागतो. योजना वाढवून आकडा जुनाच ठेवला, तर वाढीव पैसे देऊनही वेग जुनाच मिळतो. योजना उतरवून आकडा तसाच राहिला, तर रांग पुन्हा मोडेमच्या दाराशी जाऊन लागते.